तबल्याची पुडी आणि प्रयोगशाळेतील ससा

गेल्या गुरुपौर्णिमेनंतर पंधराएक दिवसांनी माझी एक शिष्या तंबोरा परत करण्यासाठी घरी आली. तंबोरा आमच्याच घरचा. रियाजासाठी तिला मीच दिलेला. सात वर्षे तो तिच्याकडे होता. गवसणी स्वच्छ धुतलेली, तारांवर गंजाचा ठिपका नाही, मणी जागच्या जागी. तिने तो भिंतीला टेकवून ठेवला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "गुरुजी, तुमची वस्तू तुमच्या हवाली केली. माझ्या हातून आता गाणे व्हायचे नाही."

कारण मला ठाऊक होते. गुरुपौर्णिमेच्या दिवशी, गाणी आटोपून प्रसाद वाटला जात असताना, एका विद्यार्थ्याच्या आजींनी तिला सहज विचारले, "काय करतेस गं तू?" ती एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. काम कोणते, असे आजींनी पुढे विचारले तेव्हा तिने आडपडदा न ठेवता सांगितले, की नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते उंदरांना देऊन पाहावे लागते, ते काम ती करते. आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दिवसभर जीव घ्यायचे आणि संध्याकाळी त्याच हातांनी सरस्वतीपुढे तंबोरा धरायचा?"

आजी काही दुष्ट नव्हेत. मुंगीला साखर घालणारे, दारच्या गाईला पहिली पोळी देणारे त्यांचे घर आहे. त्यांना जे वाटले ते त्या बोलल्या. खरा अपराध माझा. मी चार हातांवर उभा होतो; सारे ऐकले, आणि ताटे उचलण्याचे निमित्त करून आत निघून गेलो. त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आज येथे लिहीत आहे.

गायन-वादनाच्या पानावर उंदीर-सशांचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या विषयात बोलण्याचा अधिकार जर कोणाला नसेल तर तो आम्हा वादकांना नाही. आणि म्हणूनच आम्ही बोलले पाहिजे. तबल्याची पुडी बोकडाच्या कातड्याची. तिला ताणून धरणारी वादीही चामड्याची. सारंगीचे तोंड कातड्याने मढविलेले, आणि तिच्या मुख्य तारा म्हणजे जनावराच्या आतड्याची तात. जो तंबोरा माझ्या शिष्येने हात अपवित्र झाले म्हणून परत केला, त्याची घोडी उंटाच्या हाडाची आहे. त्या हाडावर तार टेकते तेव्हा जवारी बोलते. ही गोष्ट आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत असते, आणि आमच्यापैकी कोणीही ती मैफिलीत काढत नाही.

माझे वडील बडोद्याच्या कलावंत खात्यातले तबलजी. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. खात्यातली त्यांची नोकरी जेमतेम दोन वर्षांची. पुढे राजवाड्यातल्या सणा-उत्सवांची हजेरी तेवढी उरली, आणि १९७१ साली राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाल्यावर तीही आटत गेली. मग शिकवण्यांवर घर चालले. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. घर कडक शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. त्याच घरात रोज पहाटे बोकडाच्या कातड्यावर बोटे पडत. बसण्यापूर्वी वडील पुडीला हात लावून तो कपाळाला लावीत. मी तो नमस्कार देवी सरस्वतीला आहे असे समजत होतो. एकदा माझ्या हातून पुडी फुटली तेव्हा खुलासा झाला. ते म्हणाले, "कोणाचे तरी कातडे आहे ते. रियाजाच्या नावाखाली बडवू नकोस." पुडी फुटली की ते कारागिराला बोल लावण्याआधी स्वतःच्या हाताला बोल लावीत.

१९९० च्या सुमारास त्यांचा मधुमेह गोळ्यांना जुमानेनासा झाला आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. घरात शीतकपाट नव्हते. कुपी माठाशेजारच्या ओल्या वाळूत ठेवावी लागे. ते इन्सुलिन कशापासून बनते हे आईला औषधांच्या दुकानदाराकडून कळले. गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडापासून! आई दोन दिवस नीट जेवली नाही. वडिलांनी मात्र सुई टोचून घेतली आणि म्हणाले, "चाळीस वर्षे बोकडाच्या कातड्यावर पोट भरले. आता सोवळे कोणाला दाखवू?"

या बोलण्याचा अर्थ मी पुष्कळ वर्षे चुकीचा लावला. एकदा पाप केले की पुढे काहीही चालते, असा तो नव्हता. जे घेतो ते घेतो म्हणून कबूल करावे, आणि कबूल केल्यावर जपून घ्यावे, असा तो होता.

इन्सुलिनच्या मागेही प्राणी होतेच. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोच्या विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांची स्वादुपिंडे काढून त्यांना मधुमेह घडविला, आणि मग स्वादुपिंडाचा अर्क टोचून रक्तातली साखर उतरते हे दाखविले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला तो अर्क मिळाला. त्याआधी मधुमेही मूल म्हणजे उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे मूल होते. त्या कुत्र्यांचे जे झाले ते गोड शब्दांत सांगता येणार नाही. त्यांच्यामुळे माझे वडील आणखी चौदा वर्षे जगले, मला ठेक्याची लय कळेपर्यंत जगले, हेही नाकारता येणार नाही. या दोन वाक्यांतले एक वाक्य गाळून जो बोलतो, तो आपली सोय पाहतो असे मी म्हणतो.

आता सौंदर्यप्रसाधनांकडे पाहू; कारण तेथे हिशेब वेगळा लागतो.

१९४४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ आणि त्यांचे सहकारी यांनी एक चाचणी सिद्ध केली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात तपासायचे द्रव्य घालायचे, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा, आणि पुढे काही दिवस लाली, सूज, पाणी, बुबुळावर येणारी धूसर साय यांना गुण द्यायचे. ससाच का? तो स्वस्त, गरीब स्वभावाचा, त्याचा डोळा मोठा. आणि त्याला आपल्याइतके अश्रू येत नाहीत, त्यामुळे द्रव्य धुऊन जात नाही. त्याला पंजाने डोळा चोळता येऊ नये म्हणून मान बाहेर राहील अशा खोक्यात ठेवीत. शाम्पू, काजळ, फवारे, साबण, सर्व या वाटेने गेले.

ही चाचणी क्रूर माणसांनी गंमत म्हणून काढली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्या काळ्या करण्याचा 'लॅश ल्यूर' नावाचा रंग विकला जाई. त्याने कित्येक स्त्रियांचे डोळे गेले आणि एकीचा मृत्यू झाला. त्या वेळी कायदा असा लंगडा होता, की सरकारला तो रंग बाजारातून उचलता येईना. १९३८ साली नवा कायदा झाला, तो अशा अनुभवांतून. तेव्हा सशाचा डोळा पुढे आला तो माणसाच्या डोळ्याच्या जागी.

पण येथे एक प्रश्न विचारायला हवा होता आणि तो चाळीस वर्षे फारसा कोणी विचारला नाही. नवा रंग हवाच कशाला? माहीत असलेल्या, निर्धोक ठरलेल्या द्रव्यांतून काजळ होत नाही काय? आपल्या आज्या तुपाच्या दिव्यावर धरत असत ते काजळ कोणत्याही सशाच्या डोळ्यात गेले नव्हते. मधुमेही मुलाला इन्सुलिनवाचून दुसरी वाट नव्हती. पापण्यांना वाट होती. १९८० साली हेन्री स्पायरा या न्यूयॉर्कच्या शिक्षकाने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन एका बड्या प्रसाधन कंपनीला हाच जाब विचारला. त्या कंपनीने पर्यायी पद्धती शोधण्यासाठी पैसे दिले, आणि दुसऱ्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अशा पर्यायांचे केंद्र सुरू झाले. चाळीस वर्षे अशक्य म्हटले जात होते त्याचा शोध पैसे बाजूला काढताच सुरू झाला. युरोपीय संघाने २०१३ साली प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची विक्री पूर्णपणे बंद केली. भारताने मे २०१४ मध्ये प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तशा मालाची आयातही बंद केली. लाली-पावडरीची दुकाने बंद पडली नाहीत. उलट नवरात्रात मांडवीच्या बाजारातून चालताना खांद्याला खांदा घासतो.

म्हणून माझे पहिले मत असे, की शोभेसाठी जीव घेण्याचा प्रश्न सुटला आहे, तो पुन्हा उकरू नये. आपल्या कायद्याने येथे योग्य तेच केले.

औषधांचे मात्र तसे नाही. आणि येथे दोन्ही बाजूंच्या उत्साही लोकांना मी थोडे थांबा म्हणेन.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या औषधाचे गोड सरबत बाजारात आले. औषध चांगले होते. ते विरघळविण्यासाठी डायइथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव वापरला होता, तो विषारी होता. कोणी कशावरही तपासून पाहिले नव्हते. कायद्याने तसे बंधनच नव्हते. शंभरांहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, त्यांत कितीतरी मुले. नंतर शिकागोच्या प्रयोगशाळेत उंदीर, ससे आणि कुत्रे यांना ते सरबत देऊन विष कोणते याची खात्री करण्यात आली. ते काम पाहणाऱ्यांत फ्रान्सिस केल्सी नावाची एक विद्यार्थिनी होती. पुढे १९६० साली अधिकारी झाल्यावर याच बाईंनी थॅलिडोमाइडला अमेरिकेत परवाना नाकारला. जगात सुमारे दहा हजार मुले त्या गोळीपायी हातापायांवाचून किंवा अन्य व्यंगांसह जन्माला आली. अमेरिका बव्हंशी वाचली. याच थॅलिडोमाइडची दुसरी बाजूही आहे. गर्भार उंदरांना ते दिले तर पिल्लांना जवळजवळ काही होत नाही, सशांना दिले तर होते. म्हणजे प्राणी हा काही छोटा माणूस नव्हे. तो कधी खरे सांगतो, कधी चुकीची ग्वाही देतो.

तर १९३७ साली आपल्याला कळले, की डायइथिलीन ग्लायकॉल माणसाला मारते. त्या ज्ञानाची किंमत शंभरांवर माणसांनी आणि कितीतरी मुक्या जीवांनी भरली. त्यानंतर काय झाले? १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच विषाची भेसळ असलेले ग्लिसरॉल रुग्णांना दिले गेले आणि चौदा जण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे, खोकल्याच्या औषधातून तेच विष पोटात जाऊन वीसहून अधिक मुले गेली. हे विष ओळखायला आता एकाही उंदराची गरज नाही. पिंपातला द्रव रसायनशाळेत तपासला की ते दिसते. तपासला नाही, एवढेच.

ही गोष्ट मला सर्वांत अधिक बोचते. प्राण्यांवरील प्रयोगांची चर्चा निघाली की आपण पिंजऱ्यातल्या उंदराबद्दल हळहळतो. ज्या जीवांच्या मोलाने एकदा विद्या मिळाली ती विद्याच जर आपण वापरत नसू, तर ते मरण दुसऱ्यांदा फुकट गेले, याबद्दल कोणी हळहळत नाही. बोकड मारून पुडी मढवावी आणि तबला ओलीत टाकून ठेवावा, तसे हे आहे.

आणखी एक हिशेब आपल्या देशाच्या नावावर आहे. १९५० च्या दशकात पोलिओची लस बनविण्यासाठी माकडांची मूत्रपिंडे लागत. लस सुरक्षित आहे की नाही हेही माकडांवरच पाहत. ही माकडे मोठ्या संख्येने भारतातून जात. उत्तरेकडच्या गावांतून पकडलेली लाल तोंडाची लाखो माकडे पिंजऱ्यांतून परदेशी गेली. वाटेत होणाऱ्या हालांवरून १९५५ साली आपल्या सरकारने काही काळ निर्यात थांबविली, आणि ती पुन्हा सुरू करताना अट घातली, की या प्राण्यांचा उपयोग वैद्यकीय संशोधनासाठी आणि लसीसाठीच व्हावा. पुढे उघडकीला आले, की काही माकडे लष्करी प्रयोगांत वापरली गेली. अण्वस्त्रांच्या किरणांनी जीव किती वेळ तग धरतो, हे त्यांच्यावर पाहिले गेले. मोरारजी देसाई तेव्हा पंतप्रधान होते. त्यांच्या सरकारने १९७८ पासून माकडांची निर्यात पूर्णपणे बंद केली. जगातले पोलिओचे काम त्यामुळे थांबले नाही. दुसऱ्या पेशींवर लस वाढविता येते हे तोवर सिद्ध झाले होते. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्या पिढीने आणि आमच्या मुलांनी ते दोन थेंब घेतले. त्या थेंबांत त्या माकडांचाही वाटा आहे. पण लसीसाठी म्हणून जीव मागून घ्यायचा आणि बाँबसाठी वापरायचा, ही शुद्ध फसवणूक होती. तेव्हा प्राणी कशासाठी घेतला एवढे विचारून भागत नाही. त्याच कामासाठी वापरला काय, हे पाहणारा कोणीतरी बाहेरचा माणूस लागतो.

असा पाहणारा माणूस आपल्या कायद्यात आहे, आणि तो कायद्यात आणण्याचे श्रेय एका कलावतीला आहे, हे या पानाच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. कलाक्षेत्र स्थापन करणाऱ्या भरतनाट्यम् नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या. त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडले. पंडित नेहरूंनी सरकारच असा कायदा करील असे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. आणि १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ निघाले त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. हा कायदा शास्त्रीय प्रयोगांना बंदी करत नाही. तो अट घालतो: टाळता येईल तेथे टाळा, पुस्तक, प्रतिकृती, चित्रपट यांनी शिकविणे भागत असेल तर जीव वापरू नका, भूल द्या, नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नका. आणि देखरेखीसाठी समिती नेमतो. मला ही अट गाणे शिकविणाऱ्याची वाटते. आम्हीही विद्यार्थ्याला सांगतो, की नुसता हात बसावा म्हणून मैफिलीत बसू नकोस. त्यासाठी घर आहे.

त्याच सुमारास, १९५९ साली, रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून तीन सूत्रे मांडली, ती आज जगभर मानली जातात. जेथे प्राण्याऐवजी दुसरे काही चालेल तेथे ते वापरा. वापरावाच लागला तर कमीत कमी वापरा. आणि वापराल त्याला कमीत कमी त्रास द्या. पर्याय, काटकसर आणि दया, असे मी मराठीत म्हणेन.

या तिन्हींपैकी पहिले सूत्र सर्वांत अवघड, कारण त्याच्या आड सवय येते. "आजवर असेच करत आले" हे वाक्य आमच्या घराण्यांतही ऐकू येते. जुन्या दरबारी साजांवर हस्तिदंती घोड्या आणि हस्तिदंती मणी असत. हस्तिदंताशिवाय जवारी नाही, असे शपथेवर सांगणारे उस्ताद होऊन गेले. १९८६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, पुढे आफ्रिकेतून येणाराही थांबला. काय झाले? साज करणाऱ्यांनी हाड, शिंग, शिसवी लाकूड, कृत्रिम पदार्थ यांवर हात चालविला. तंबोरे आजही बोलतात.

औषधांतही असे घडले आहे. कुत्रा चावल्यावर पोटात घेतली जाणारी चौदा इंजेक्शने आमच्या वयाच्या लोकांना आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. मेंढ्यांचा जीव तर जाईच, शिवाय घेणाऱ्यांपैकी काहींना त्या लसीमुळेच पक्षाघात होई. पेशींवर वाढविलेली लस हाताशी येऊनही जुनी लस आपल्याकडे कितीतरी वर्षे चालू राहिली, कारण ती स्वस्त होती आणि सवयीची होती. २००४ च्या अखेरीस ती बंद झाली. मेंढी सुटली आणि माणूसही सुटला. मार्च २०२३ मध्ये आपल्या सरकारने औषध-चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींवरील व संगणकावरील पद्धतींना वाट मोकळी करून दिली आहे. अमेरिकेने त्याच्या आदल्या वर्षी तसे केले. वाट मोकळी झाली म्हणून लोक चालू लागतीलच असे नव्हे. त्यासाठी पैसा, शिक्षण आणि मागे लागणारी माणसे लागतात.

आणि पर्याय अजून नाही तेथे काय? साप चावलेल्या माणसाला देतात ती लस घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांचे विष थोडे थोडे घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, ती काढून ही लस बनते. प्रत्येक खेप पुरेशी जोरकस आहे की नाही हे पाहण्यासाठी उंदरांना विष व लस देऊन किती जगतात ते मोजतात. ज्यांचे जगत नाहीत ते मरतात. या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक शेतात राबणारी, अनवाणी चालणारी. उद्या सकाळी ही चाचणी बंद करा असे म्हणण्याची माझी छाती नाही. उंदराऐवजी दुसरी रीत शोधण्याचे काम चालू आहे. ते लवकर व्हावे म्हणून सरकारने पैसा द्यावा, असे मात्र मी म्हणेन.

माझी शिष्या जे काम करते ते या जातीचे आहे. मी तिला त्याबद्दल कधी विचारलेच नव्हते. तंबोरा परत आणला त्या दिवशी विचारले. ती म्हणाली, पिंजऱ्यातल्या प्रत्येक उंदराच्या शेपटीवर शाईने खूण असते, नाव नसते. रोज ठरल्या वेळी वजन, मग तोंडातून बारीक नळीने औषध. प्रत्येक प्रयोगाआधी समितीपुढे कागद जातो. किती उंदीर, का तितकेच, त्रास कसा कमी करणार, हे लिहावे लागते. एकदा तिने गणित मांडून दाखविले, की याच प्रश्नाचे उत्तर कमी उंदरांत मिळेल. आणि ते मान्य झाले. प्रयोग संपला की सारे उंदीर मारून त्यांची यकृते, मूत्रपिंडे तपासतात. "त्या दिवशी मी घरी येऊन भैरव गात नाही, गुरुजी. नुसता षड्ज लावते," ती म्हणाली. सात वर्षे मी तिचा षड्ज ऐकत होतो आणि मला हे माहीत नव्हते.

तबल्याची पुडी बनविणाऱ्या माणसाला आम्ही असेच वागवीत आलो आहोत. कातडे भिजविणारे, खरवडणारे, केस काढणारे हात कोणाचे, हे आम्ही विचारत नाही. दक्षिणेतले गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग घडविणाऱ्या कारागिरांवर एक पुस्तक लिहिले, तेव्हा कित्येक रसिकांना प्रथमच कळले, की ज्या वाद्यापुढे ते हात जोडतात ते बनविणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर उभे केले गेले. वापर आपला, आणि विटाळ त्याचा! प्रयोगशाळेतल्या मुलीलाही आपण हेच करतो. रक्तदाबाची गोळी सकाळी पाण्याबरोबर आपण घ्यायची, आणि ती निर्धोक आहे हे पाहणारे हात मात्र अपवित्र. त्या आजीही ती गोळी घेतात. मीही घेतो.

हात स्वच्छ आहेत असे म्हणण्याची सोय आपल्यापैकी कोणालाही नाही. म्हणून प्रश्न हात कोणाचे हा नसून, जीव घेणे अटळ होते काय, आजही अटळ आहे काय, आणि घेतलेले वाया तर जात नाही ना, हा आहे. पहिले दोन प्रश्न शास्त्रज्ञांना आणि सरकारला विचारायचे. तिसरा आपल्यालाही लागू आहे. सर्दीला उगाच घेतलेली आणि अर्धी टाकलेली प्रतिजैविके, मुदत उलटेपर्यंत कपाटात साठविलेल्या गोळ्या, साप चावल्यावर दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे घालविलेला तास. हे सारे त्याच मुक्या जीवांच्या खात्यावर मांडले जाते.

हीच कसोटी मला स्वतःला लावणे भाग होते. माझ्या वर्गात नव्या मुलांसाठी कृत्रिम पुडीची एक जोडी मी गेल्या महिन्यात आणली. ती बोलते; पण शाईवरचा तो गोल, ओला नाद तिच्यात नाही. 'ता' बरा येतो, बायाची घुमार येत नाही. पहिली दोन वर्षे हात बसविण्यास ती पुरेल असे मला वाटते. पुढे काय, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आमचा पुडीवाला म्हणाला, "साहेब, सगळ्यांनी हेच आणले तर मी काय करू?" त्याचेही उत्तर माझ्याजवळ नाही. तोवर त्याच्याकडून घेतलेली पुडी अधिक दिवस टिकवायची आणि त्याला तिचे मोल पुरेपूर द्यायचे, एवढे मी ठरविले आहे.

तंबोरा तीन दिवस माझ्याकडे होता. चौथ्या दिवशी जवारी साफ करून मी तो स्वतः तिच्या घरी नेऊन दिला, आणि गुरुपौर्णिमेला गप्प राहिल्याबद्दल तिची क्षमा मागितली. गुरूने शिष्येची क्षमा मागू नये असे तिच्या आईला वाटले. मला तसे वाटत नाही. घोडी उंटाच्या हाडाची आहे हे मी तिला सांगितले. तिने बोटाने ती चाचपून पाहिली, आणि गवसणी काढून तार मिळवू लागली.